मढ्यांचा तलाठी

घर भाड्याने देताना लोक विचारतात, काम काय करता, माणसं किती, मटण शिजवता का. आमच्या घरमालकाने विचारलं, "तुमच्या आईच्या आईचं नाव काय?"

मी म्हटलं, "आधी खोल्या तर दाखवा."

"खोल्या पळून जात नाहीत. नाव सांगा."

जळगावात पिंप्राळ्याला त्याचं दुमजली घर. वर तो राहायचा, खाली मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू. माझं ट्रक चालवणं सुटलं होतं, गुडघे कामातून गेले होते, मुलगा सुरतेला. आम्ही नवरा-बायको गाव सोडून खोली शोधत फिरत होतो. भर उन्हात उभं राहून मी आजीचं नाव सांगितलं. तिच्या आईचं विचारलं, ते आलं नाही. मी बिनतिकिटाचा सापडलो अशी त्याने मान हलवली आणि माझ्या बायकोकडे वळला.

"तुमचं नाव?"

"शेवंता."

"आईचं?"

शेवंता म्हणाली, "राधा."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. खोल्या मिळाल्या.

त्याला सगळे आबा म्हणायचे. मीही म्हणायचो, पण ते तोंडावर. आता तो पुण्याला मुलाकडे असतो, आणि तिथल्या वॉचमनचे पणजोबा शोधून झाले असतील याची मला खात्री आहे.

जन्मभर तो एसटीत होता, स्टँडवर वाहतूक नियंत्रक. माईकवर बोलून बोलून त्याला हळू बोलणंच येत नव्हतं. बायकोला चहा मागितला तरी कॉलनीला वाटायचं, शिरपूर गाडी लागली. बायको गेली, नोकरी संपली, मुलाने वेळ घालवायला लॅपटॉप दिला, आणि त्यात त्याला ती साइट सापडली. जगभरचे लोक तिथे आपापल्या मेलेल्या माणसांची नावं चढवतात. झाड असतं म्हणे. खाली आपण, वर बाप, त्याच्यावर आजा, असं चढत जायचं. एखाद्याचं नाव टाकलं की दुसऱ्या कुणाच्या झाडावर तोच माणूस असला तर दिसतो. आबाने आधी स्वतःचं झाड केलं, मग बायकोच्या माहेरचं. ते संपल्यावर गल्लीकडे वळला. दूधवाल्याचं केलं, पिठाच्या गिरणीवाल्याचं केलं. माझंही केलं. माझ्या नावापुढे मरणाची तारीख लिहायची जागा त्याने रिकामी ठेवली होती. बोट दाखवून म्हणाला, "ही तुमची. घाई नाही."

नाव सापडलं की तो गच्चीत यायचा. "लक्ष द्या! कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे खापरपणजोबा, मुक्काम पारोळा, सापडले आहेत! संबंधितांनी त्वरित वर यावे!" इस्त्रीवाला इस्त्री तशीच ठेवून पळाला. शर्ट जळला. शर्टवाला भांडायला आला, तर आबाने त्यालाच खुर्ची दिली आणि विचारलं, "आधी सांगा, तुम्ही कुणाचे?" तो माणूस बराच वेळाने खाली आला. शर्टाचं विसरून गेला होता आणि बायकोला फोन लावून विचारत होता, आपल्या मोठ्या आजीला काय म्हणायचे गं.

शेवंताने त्याचं नाव ठेवलं होतं, मढ्यांचा तलाठी. तोंडावर म्हणायची. तो खूश व्हायचा. हिवाळ्यात ती भरीत केलं की एक वाटी वर पाठवायची नाही, स्वतः घेऊन जायची, त्याच्याशी दोन शब्द भांडायला. तो खाता खाता विचारायचा, "वांगी कुठली?"

"आसोद्याची आहेत. त्यांच्या आईचं नाव विचारू नका."

मेला हा शब्द तो वापरत नसे. वरच्या फांदीवर गेला, म्हणायचा. कुठे कुणी गेलं की हा दारावर जायचा, पण रडायला नाही. सतरंजीवर बसायचा, लॅपटॉप उघडायचा आणि गेलेल्याच्या आजोळची नावं विचारायचा. दोन घरांतून त्याला हाताला धरून बाहेर काढलं होतं. त्याची मुलगी धुळ्याला दिलेली. ती मला एकदा म्हणाली, "नाना, आमच्या आबांना माणूस मेल्याशिवाय आवडत नाही. आई जिवंत होती तेव्हा तिला कधी विचारलं नाही, जेवलीस का. आता तिचे सात पिढ्यांचे पूर्वज पाठ आहेत." खरं होतं ते. माणूस डोक्यात जायचा.

आता शेवंताच्या आईचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

शेवंता एरंडोलजवळच्या एका खेड्यातली. ती अंगावर पीत होती तेव्हाच तिची आई गेली. बापाने वर्ष संपायच्या आत दुसरी केली. आईच्या माहेरच्यांशी त्यावरून भांडण झालं, येणं-जाणं तुटलं ते तुटलंच. त्या घरात शेवंताच्या आईला नाव राहिलं नाही. पहिली म्हणायचे. पहिलीचं लुगडं, पहिलीचा पाट, पहिलीची पोर. बाप नाव घ्यायचा नाही, सावत्र आई घेऊ द्यायची नाही. पुढे बाप गेला, ती गेली, आणि माहीत असलेलं कुणी उरलं नाही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. निखाऱ्यावर तुपाचा घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. घास टाकताना नाव घ्यायचं असतं. शेवंता माझ्या घरच्या सगळ्यांची नावं घ्यायची, माझ्या आजीचंसुद्धा, जिला तिने पाहिलेलं नव्हतं. शेवटचा घास हातात धरून बसायची आणि नुसतं 'माय' म्हणून टाकायची. एकदा मी म्हटलं, "देवाला कळतं गं."

ती म्हणाली, "देवले कळस. माले नई कळत."

ती दिवाळीनंतर गेली. ताप आला, उतरला नाही. मी काय सांगू त्याचं. तिसऱ्या दिवशी दारावर माणसं बसली होती, सुरतेहून मुलगा आला होता, आणि आबा जिना उतरून आला. सतरंजीवर बसला. लॅपटॉप उघडला.

"डायवर," तो म्हणाला. मला तो डायवरच म्हणायचा. "नोंद करून टाकू. शेवंताबाई. आई राधाबाई."

मला काय झालं माहीत नाही. मी ओरडलो, "राधा नाही!"

"त्यांनी स्वतः सांगितलं होतं. माझ्या दारात."

"खोटं सांगितलं. खोल्या पाहिजे होत्या म्हणून सांगितलं. आईचं नाव तिला माहीतच नव्हतं."

आबाचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता दोन शब्द बरे बोलेल. तो म्हणाला, "माझ्या झाडावर खोटं पान? इतकी वर्षं?"

माझा मुलगा उठला. त्याची कॉलरच धरणार होता. आबाचं लक्ष नव्हतं. त्याने एका बोटाने टक टक करत राधा पुसली, सगळ्यांसमोर. मग त्या स्टँडच्या आवाजात म्हणाला, "आखाजीच्या आत खरं नाव चढवतो. नाही चढवलं तर हे यंत्र मेहरुणच्या तळ्यात टाकतो." आणि गेला.

माणसं म्हणाली, वेडा आहे, मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं. सगळे मला सांगत होते, धीर धरा, तिचं सोनं झालं. हा एकटा तिचं काहीतरी काम घेऊन गेला होता. आखाजीला तिच्या नावाची पहिली घागर मला भरायची होती. तिच्यासोबत तिच्या आईचं नाव घ्यायचं होतं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

रोज सकाळी वरून हाक यायची, "डायवर, गाडी लागली!" मी जिना चढून त्याच्या शेजारी बसायचो. मी चौथी शिकलेला, मला त्यातलं काय कळणार. पण नाव टाकलं की एक चकती गोल गोल फिरते, ती थांबेपर्यंत छातीत धडधडायचं, ते मला कळायचं. तो शेवंताचं नाव टाकायचा, तिच्या बापाचं टाकायचा, गाव एरंडोल. काही नाही. बापाच्या नावातला काना इकडचा तिकडे करायचा, गाव एरंडोल. काही नाही. बापाच्या भावाचं, चुलत्याचं. गाव एरंडोल.

मी एकदा म्हटलं, "आबा, गाव सोडून बघू."

तो भडकला. "गाव न सांगता तिकीट मिळतं का? माणूस बापाच्या गावचा असतो. तिथेच सापडणार."

मग आम्ही तिच्या गावालाच गेलो. सावत्र भाऊ ओट्यावर कापसाच्या पराट्या तोडत बसला होता. आबाने पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ विचारलं. तो हसला. "पहिलीनं नाव? पहिलीच म्हनेत तिले. आते काय करनं शे त्या नावनं?"

"झाडावर चढवायचं आहे."

"कोन्ता झाडवर?"

आबा अर्धा तास त्याला ते झाड समजावत होता. शेवटी तो भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "नाना, यास्ले घर लई जा." मी आबाला घेऊन परत आलो. बसमध्ये तो एक शब्द बोलला नाही. आबा बोलत नाही म्हणजे काय, ते त्या कंडक्टरलाही जाणवलं असेल, कारण चढताना आबाने त्याला गाडी उशिरा सोडल्याबद्दल झापलं होतं.

होळी गेली. ऊन चढलं. बाजारात काळ्या घागरी आल्या, खरबुजांचे ढीग आले. आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात, ते घागरीवर ठेवतात. घागर घ्यायला गेलो आणि न घेता परत आलो. आबा खंगत चालला होता. गच्चीत येणं बंद झालं होतं. इस्त्रीवाल्याने मला विचारलं, "आबांना बरं नाही का? कॉलनी कशी मेल्यासारखी वाटते."

आखाजीला पंधरा दिवस राहिले असताना त्याची मुलगी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून धुळ्याहून माहेरी आली होती. मुलगी झाली. मी भेटायला दवाखान्यात गेलो तेव्हा आबा काउंटरवर नर्सशी भांडत होता.

"गाव धुळं लिहा."

"आजोबा, जन्म इथे झालाय. जळगाव लिहावं लागतं."

"मुलगी धुळ्याची आहे! बाप धुळ्याचा, घर धुळ्याला, रेशन कार्ड धुळ्याला!"

"असू द्या ना. पण बाळंतपण माहेरी केलं तुम्ही. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात सगळे. मग जन्म माहेरच्या गावचाच लागणार."

आबा तोंड उघडं टाकून उभा राहिला. मला वाटलं, चक्कर येते की काय. त्याने कपाळावर अशी थाप मारली की बाकावरचे पेशंट वळले. "डायवर! शेवंताबाई पहिली की दुसरी?"

"कितवी म्हणजे? एकटीच. आई गेलीच ना पुढे."

"पहिलं बाळंतपण! आईच्या माहेरी! ती एरंडोलात जन्मलीच नाही! आणि मी गाढव सहा महिने..."

लॅपटॉप पिशवीतच होता, तो बाळंतपणालाही घेऊन आला होता. बाकावर बसून त्याने उघडला. शेवंताचं नाव टाकलं, बापाचं टाकलं, आणि गावाच्या चौकटीतून एरंडोल पुसलं. ती चौकट तशीच मोकळी सोडली. चकती फिरली.

मला वाचायला वेळ लागतो, पण ते मी वाचलं. शेवंता. जन्म रावेर. बापाचं नाव बरोबर, त्याच्या गावाची चौकट मोकळी. आई केसर. आणि खाली लिहिलेलं, केसरला एरंडोलकडे दिली होती, मुलगी पुढे कुठे गेली माहीत नाही, कुणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.

"लक्ष द्या!" आबा उभा राहून ओरडला. "शेवंताबाईंच्या आई केसरबाई, मुक्काम रावेर, सापडल्या आहेत!"

नर्स धावत आली. "अहो आजोबा, बाळं झोपलीत!"

"उठू द्या! कळू द्या त्यांना पण!"

आतून खाटेवरून त्याच्या मुलीचा आवाज आला, "आबा, माझी मुलगी बघा तरी आधी! सकाळपासून बघितली नाही." तो आत गेला, नातीला उचललं, डोळे पुसले आणि म्हणाला, "हिचं नाव काय ते लवकर ठरवा. मला चढवायचं आहे."

मी बाहेर बाकावर बसून होतो. रावेर. उभा जन्म मी रावेरला केळी भरली आणि दिल्लीला नेली. तिथे ट्रक लावून झोपलो, तिथल्या हॉटेलात जेवलो, भांडलो, टायर बदलले. त्यातल्याच कुठल्यातरी गल्लीत माझी बायको जन्मली होती. मी तिथून केळीचा घड आणायचो आणि ती म्हणायची, रावेरच्या केळीला वेगळीच चव असते. केसर, केसर, असं मी त्या बाकावर बसून किती वेळा म्हटलं, कुणास ठाऊक. शेजारच्या बाईला वाटलं, माझ्या नातीचं नाव आहे. चांगलं आहे म्हणाली.

ते ज्या बाईने लिहिलं होतं ती धुळ्याची निघाली. आबाने निरोप टाकला आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिची आई म्हणजे केसरची धाकटी बहीण. अजून आहे, ऐकू येतं, चालते. तिच्याच सांगण्यावरून मुलीने ते सगळं चढवलं होतं. ती फोनवर म्हणाली, "भाऊ, आई फार मागे लागली आहे. म्हणते, आखाजीला पोरी माहेरी येतात, पोरीला घेऊन या. मी तिला अजून सांगितलं नाही. माझ्याने होत नाही. तुम्हीच सांगा."

आखाजीला आम्ही धुळ्याला गेलो. आबाने ठेवणीतला कोट घातला होता, त्या उन्हात. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मांडीवर. बसमध्ये शेजारच्याला सांगत होता, "ओळ लागली आहे, ओळ!" त्या माणसाला वाटलं, शेताचं काहीतरी आहे. त्याने पाऊसपाण्याची चौकशी केली.

दारातच म्हातारी बसली होती, काठी घेऊन, नवं लुगडं नेसून. मागे अंगणात लिंबाला झोका बांधलेला, पोरी गाणी म्हणत होत्या. तिने माझ्या मागे बघितलं, मग आबाच्या मागे बघितलं.

"आनं का पोरले?"

मी तिच्या पायाशी बसलो. मला गोडगोड बोलता येत नाही. म्हटलं, "मावशी, ती दिवाळीनंतर गेली."

म्हातारीने काठी बाजूला ठेवली. झोक्यावरच्या पोरींनाही कळलं असावं, त्या खाली उतरल्या. आबा, ज्याने दोन घरांत दारावर लॅपटॉप उघडला होता, तो टॉवेलाची गाठ तशीच धरून उभा राहिला. मग तिने हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवला.

"कशी व्हती रे?"

मी सांगितलं. उंच होती, भांडखोर होती, भरीत चांगलं करायची, उन्हात डोकं दुखायचं तिचं. "केसरनं बी दुखे," म्हातारी म्हणाली, आणि मग रडली. केसर कशी झोका उंच न्यायची ते सांगितलं, ताप आल्यावर तिला माहेरी आणायचं म्हणत होते आणि सासरच्यांनी आणू दिलं नाही, ते सांगितलं. डोळे पुसून तिने लेकीला हाक मारली. "एक घागर आखो मांड. माय-लेकनी बराबर भरसूत."

तोवर आबाला राहवलं नाही. हळूच विचारायला गेला, पण त्याला हळू कुठे येतं. "मावशी! केसरबाईंच्या आईचं नाव?"

"तुळसा."

"तुळसाबाईंची आई?"

"भागा. भागानी माय रखमा. रखमानी माय सोनी, ती सातपुडानी पायथानी व्हती."

आबा खाली बसून टाइप करत होता, कोटाला घामाचे डाग पडले होते. "थांबा मावशी, थांबा. सोनीबाई." तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा लग्नाच्या घरातल्या पोरासारखा झाला होता. "डायवर, बापांचे बाप मी ढीगभर चढवले. पण आईची आई, तिची आई, अशी सरळ ओळ मला आजवर एकदाही मिळाली नव्हती. माझ्या स्वतःच्या घरातली नाही. बघा, कुठवर गेली ही!"

घागरी मांडल्या. दोन घागरी, दोन डांगरं. निखारे आणले. घास म्हातारीने माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "तुम्ही टाका, तुमची बहीण."

"तू टाक. इतला दूरथून नाव लई ऊना तू."

मी नावं घेतली. सोनी. रखमा. भागा. तुळसा. केसर. प्रत्येक नावाला घास टाकला, तूप चरचरलं. आणि शेवटी म्हटलं, शेवंता, केसरची मुलगी. जोरात म्हटलं. आबाला लाज वाटावी इतक्या जोरात.

मग पानं मांडली. म्हातारीने माझा पाट वेगळा मांडायला लावला, रांगोळी काढायला लावली. सांजोऱ्या, आमरस, वर तुपाची धार. मी म्हटलं, "मावशी, पुरे, वयाने एवढं पचत नाही आता."

"गप बस," ती म्हणाली आणि काठी टेकत स्वतः वाढायला आली. "केसरना जवाई पहिलांदाव घर ऊना शे. असा कसा जाऊ दिसू?"

मी वाटी पुढे केली.